चाळीसगावचा टांगा आणि बौद्ध हेतुविद्या

तर्कशास्त्र हा पंडितांच्या वादसभेचा विषय होय. शेतमजूर, कारकून किंवा संसार सांभाळणारी स्त्री यांना त्याचा काय उपयोग, असा एक समज आपल्या समाजात रूढ झालेला आहे. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ज्याच्या हाती जमीन, सत्ता आणि प्रतिष्ठा असते, त्याचे म्हणणे कारण दिल्यावाचूनही चालून जाते. तर्काची खरी गरज असते ती, दुसऱ्याने दिलेल्या खोट्या कारणाचे परिणाम ज्याला भोगावे लागतात त्याला. सदोष कारण ओळखता न येणे ही ज्ञानातील उणीव तर आहेच. परंतु दुबळ्या समाजाच्या बाबतीत ती अंगावर बेतते.

या विषयाच्या इतिहासात खानदेशाला विशेष स्थान आहे. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांशी बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या आचार्य दिङ्नागांचे नाव जोडले गेले आहे; आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी १९२९ साली एका खोट्या कारणापायी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जिवावर बेतले होते. आचार्यांचा काळ आणि ही घटना यांत सुमारे चौदाशे वर्षांचे अंतर आहे. तथापि आचार्यांनी घडविलेले साधन या घटनेला लावून पाहिले असता, रोजच्या बोलण्यातील हेत्वाभास कसे ओळखावेत याचा एक पाठ हाती येतो. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न केला आहे.

चाळीसगावची घटना

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या कामानिमित्त १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये ते खानदेशात आले. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी त्यांना करावयाची होती. ते काम आटोपून परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांच्या आग्रहावरून ते तेथे मुक्कामासाठी उतरले. पुढे काय घडले ते त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली हे लेखन पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

स्थानकावर भाड्याचे टांगे पुष्कळ होते आणि महारवाडा पायी जाण्याइतक्या अंतरावर होता. असे असूनही बाबासाहेबांना सुमारे तासभर थांबवून ठेवण्यात आले. अखेरीस एक टांगा आला. त्यात ते आणि हाकणारा असे दोघेच बसले; बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. थोडे अंतर जाताच हा टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरील फरशीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा व टांगा नदीत कोसळले. बाबासाहेब बेशुद्ध झाले. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि बरेच दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

तासभराच्या विलंबाचे कारण त्यांना मागाहून समजले. प्रवासी अस्पृश्य आहे म्हणून एकही टांगेवाला टांगा हाकावयास तयार नव्हता. तसे करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. उलटपक्षी आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे महारवाड्यातील मंडळींना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड अशी निघाली की, मालकाने टांगा भाड्याने द्यावा आणि हाकणारा अस्पृश्यांनी आपल्यातून शोधावा. त्यांच्यापैकी कोणाचाही तो व्यवसाय नव्हता. यात काय अवघड आहे, अशा समजुतीने एकाने लगाम हाती घेतला आणि पुढे त्याचा धीर सुटला.

ही हकीकत आपण सर्वांनी वाचलेली अथवा ऐकलेली आहे. परंतु अस्पृश्यतेच्या क्रौर्याची कहाणी म्हणून ती वाचून आपण थांबतो. बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. त्यांनी दोन्ही बाजूंच्या विचारातील दोष दाखविला आहे. साधी चाकरी करणारा टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी नोंदविले. आणि प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव अधिक मोलाचा असतो, ही गोष्ट आपले बांधव विसरले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. या दोन दोषांचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम बौद्ध परंपरेकडे वळले पाहिजे.

पालि साहित्यातील मूळ

बौद्ध तर्कपरंपरेचा उगम शोधू लागल्यास आपण त्रिपिटकातील संवादांपाशी येऊन पोहोचतो, आणि त्यांतील अनेक संवाद जन्मश्रेष्ठत्वाच्या दाव्याविषयी आहेत ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात श्रावस्तीचा सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण अस्सलायन तथागतांसमोर असा दावा मांडतो की, ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण होय, कारण तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला आहे. तथागत त्याच्यावर रागावत नाहीत, त्याची निंदाही करीत नाहीत. ते प्रश्न विचारतात. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गरोदर राहतात, बाळंत होतात व मुलांना दूध पाजतात, हे सर्वांना दिसते की नाही? यवन व कंबोज या देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण असतात आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस की नाही? उच्च कुळातील माणसाने चंदनाच्या लाकडाने पेटविलेला अग्नी आणि हीन मानलेल्या माणसाने एरंडाच्या लाकडाने पेटविलेला अग्नी यांच्या ज्वाळेत व प्रकाशात काही फरक असतो का?

या तीन प्रश्नांची तीन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्या प्रश्नाने दावा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीशी विसंगत ठरतो. दुसऱ्या प्रश्नाने, सर्वत्र लागू म्हणून सांगितलेल्या नियमाला अपवाद दाखविला जातो. तिसऱ्याने कारण बदलले तरी कार्य बदलत नाही, म्हणजेच सांगितलेल्या कारणाचा कार्याशी संबंधच नाही, हे सिद्ध होते. पुढील काळातील आचार्यांनी जे नियम सूत्रबद्ध केले, त्यांचा प्रत्यक्ष वापर येथे आढळतो.

चंकी सुत्तात परंपरेच्या आधारावर केलेल्या दाव्याला तथागतांनी आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली आहे. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही आणि मागच्यालाही दिसत नाही. रांग कितीही लांब असली तरी तिच्या लांबीमुळे दृष्टी येत नाही. एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आली म्हणून खरी असली पाहिजे, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर आजही पुरेसे आहे.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील कथावत्थु सुत्त (अभिधम्मातील त्याच नावाच्या ग्रंथाहून हे निराळे) आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. कोणाशी चर्चा करणे योग्य आणि कोणाशी अयोग्य, याच्या खुणा तेथे सांगितल्या आहेत. एक विचारले असता जो दुसरेच सांगतो, जो चर्चा विषयाबाहेर नेतो, जो राग व नाराजी प्रकट करतो, जो समोरच्याला दडपून टाकतो, त्याची थट्टा करतो किंवा त्याची जीभ घसरली की तेवढेच पकडून बसतो, तो चर्चेस योग्य नव्हे. गावच्या पारावर किंवा कचेरीत चाललेला कोणताही वाद घटकाभर ऐकला, तर या यादीतील बहुतेक खुणा तेथे सापडतील.

मिलिन्दपञ्हातील प्रसंगही येथे आठवतो. राजा मिलिंदाने चर्चेची इच्छा दर्शविली तेव्हा भदन्त नागसेनांनी विचारले की, ही चर्चा पंडितांच्या रीतीने करावयाची की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे न मानणाऱ्यास दंड करतो. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील त्या गावात अस्पृश्यांवर घातलेला बहिष्कार हा असाच राजांच्या रीतीचा वाद होता. मजुरी, किराणा आणि पाणी बंद करणे हे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो दंड होय. ज्याच्यापाशी कारण नसते तो भीती दाखवितो, हे ओळखणे ही हेत्वाभास ओळखण्याची पहिली पायरी आहे.

दिङ्नाग आणि अजिंठा

पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या आचार्य दिङ्नागांनी या विखुरलेल्या रीतींना शास्त्राचे रूप दिले. तिबेटी परंपरेनुसार त्यांचा जन्म दक्षिणेत कांचीजवळ झाला आणि आचार्य वसुबंधू हे त्यांचे गुरू होत. ‘प्रमाणसमुच्चय’, ‘न्यायमुख’ आणि ‘हेतुचक्र’ हे त्यांचे प्रसिद्ध ग्रंथ आहेत. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग याने महाराष्ट्राच्या वर्णनात एका संघारामाची माहिती दिली आहे. तो अर्हत अचल याने उभारला, तो डोंगरातील खोल दरीत आहे, त्याच्या भिंतींवर तथागतांच्या बोधिसत्त्वावस्थेतील प्रसंग आहेत, द्वाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत आणि पूर्वी दिङ्नाग येथे वारंवार राहत असत, असे तो सांगतो. हा संघाराम म्हणजे अजिंठा होय, असे अभ्यासकांनी मानले आहे.

हे अनुमान कसे उभे राहते ते पाहणे बोधप्रद ठरेल. समजा, कोणी एवढेच म्हणाला की, द्वाराशी दगडी हत्ती आहेत, म्हणून हे स्थान अजिंठाच. हा हेतू पुरेसा नाही. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरात असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांतही विहाराच्या पायथ्याशी हत्तींची रांग कोरलेली आहे. जी खूण अजिंठ्यात आहे आणि अन्यत्रही आहे, ती एकटी अजिंठा सिद्ध करू शकत नाही. परंतु अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवरील हत्ती, वाघूर नदीची दरी, भिंतींवरील जातककथा आणि २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आलेले स्थविर अचलाचे नाव या साऱ्या खुणा एकत्र आल्या की त्यांना पर्यायी स्थान उरत नाही.

दिङ्नागांनी सद्हेतूची जी तीन लक्षणे सांगितली, त्यांचे मर्म हेच आहे. शिवारात दूर धूर दिसला आणि आपण म्हणालो की तेथे आग आहे, तर त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, धूर तेथे खरोखर असला पाहिजे. दुसरी, जेथे आग असल्याचे आपण जाणतो अशा चुलीसारख्या ठिकाणी धूर आढळला पाहिजे. तिसरी, जेथे आग नाही अशा तळ्यासारख्या ठिकाणी धूर कधीही आढळता कामा नये. यांपैकी एक लक्षण जरी चुकले तरी हेतू केवळ हेतूसारखा भासतो. म्हणून त्यास हेत्वाभास म्हणतात.

हेत्वाभासाचे मुख्य प्रकार तीन आहेत. जो हेतू मुळातच खरा नाही तो असिद्ध. उदाहरणार्थ, उडालेल्या धुळीला धूर समजणे. जो हेतू साध्य असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणी सापडतो तो अनैकान्तिक. अंगण ओले आहे म्हणून पाऊस पडला असे म्हणणे या प्रकारात मोडते, कारण अंगण सडा टाकल्यानेही ओले होते. आणि जो हेतू साध्याच्या उलट गोष्टच सिद्ध करतो तो विरुद्ध. ‘आमच्या गावात जातिभेद मुळीच नाही, त्यांची वस्ती वेगळी, स्मशान वेगळे, त्यामुळे कधी तंटाच होत नाही,’ असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ आपल्याला अनेकदा भेटतो. त्याने दिलेले कारण त्याच्याच दाव्याचा पराभव करते. ‘हेतुचक्रा’त दिङ्नागांनी हेतूचे एकूण ९ प्रकार मांडून त्यांपैकी केवळ २ शुद्ध, २ विरुद्ध आणि उरलेले ५ अनैकान्तिक ठरविले. अनैकान्तिकांची ही संख्या रोजच्या व्यवहारातही प्रत्ययास येते. माणसे सरळ उलटे कारण क्वचितच देतात. अपुरे कारण मात्र सतत देतात.

दिङ्नाग-परंपरेतील शंकरस्वामींच्या ‘न्यायप्रवेश’ या छोट्या ग्रंथात ९ पक्षाभास, १४ हेत्वाभास आणि १० दृष्टान्ताभास असे एकूण ३३ दोष सांगितले आहेत. ह्युएन त्संगाने ६४७ साली या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. बौद्ध विहार उद्ध्वस्त झाल्यानंतर दिङ्नागांचे ग्रंथ आपल्या देशातून जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रामुख्याने तिबेटी व चिनी भाषांतरांतून टिकले. धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायन यांनी १९३० च्या दशकात तिबेटातून शोधून काढली.

सातव्या शतकातील या धर्मकीर्तींची दोन मते येथे सांगितली पाहिजेत. पहिले असे की, नैयायिकांनी वादात छल, जाती यांसारखे फसवे उपाय प्रसंगी क्षम्य मानले होते. कोवळ्या रोपांभोवती काटेरी कुंपण घालावे, तसे सत्याच्या रक्षणासाठी ते वापरावेत, अशी त्यांची भूमिका होती. धर्मकीर्तींनी ‘वादन्याया’त ती नाकारली. सत्यासाठी वाद करणाऱ्याने फसवणुकीने जिंकू नये, हे त्यांचे म्हणणे होय. दुसरे असे की, बुद्धी जड झाल्याच्या ५ खुणा त्यांनी सांगितल्या आहेत: वेदांना प्रमाण मानणे, जगाचा कोणी कर्ता मानणे, स्नानाने पुण्य मिळते असे समजणे, जातीचा गर्व बाळगणे आणि पापनाशासाठी देहाला क्लेश देणे. धूर ही जशी अग्नीची खूण, तसा जातीचा गर्व ही बुद्धिमांद्याची खूण, अशा तर्कशास्त्राच्या परिभाषेतच त्यांनी हे मांडले.

जाता जाता एक सावधगिरी. तर्कशास्त्रात खोट्या प्रत्युत्तरालाही ‘जाति’ असेच नाव आहे. त्यावरून प्राचीन तार्किकांनी जातिव्यवस्थेलाच खोटे ठरविले होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. व्याख्यानात त्याला टाळ्याही मिळतील. परंतु एका शब्दाचे दोन अर्थ मुद्दाम मिसळणे हा वाक्छल होय. तो आपल्या सोयीचा असला तरी त्याज्यच मानला पाहिजे.

पुन्हा चाळीसगावच्या स्थानकावर

आता हे साधन घेऊन आपण त्या स्थानकाकडे परत येऊ. टांगेवाल्यांचा युक्तिवाद असा मांडता येईल: हा प्रवासी आमच्याहून हीन आहे, कारण तो अस्पृश्य कुळात जन्मला आहे. यात ‘अस्पृश्य’ या शब्दातच हीनपणा आधी गृहीत धरला आहे. जे सिद्ध करावयाचे तेच कारण म्हणून पुढे केले आहे. नैयायिक यास साध्यसम म्हणतात. शिवाय समोर उभी असलेली व्यक्ती विद्येने, पदाने आणि आचरणाने कोणाहूनही उणी नव्हती, हे डोळ्यांना दिसत होते. ‘न्यायप्रवेशा’तील पक्षाभासांमध्ये पहिलाच आहे तो प्रत्यक्षविरुद्ध, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीच्या विरोधात जाणारा दावा. अस्सलायनाला विचारलेला पहिला प्रश्न येथेही तसाच लागू पडतो.

महारवाड्यातील मंडळींचा युक्तिवाद प्रेमातून आलेला होता, म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे जड जाते. तरीही तो तपासलाच पाहिजे. त्यांनी असे मानले की, एक तर साहेब टांग्यातून आले पाहिजेत, नाही तर त्यांचा अपमान होईल. दोनच पर्याय आहेत हे गृहीतच चुकीचे होते. सर्वांनी मिळून त्यांच्यासमवेत पायी चालत जाणे हा तिसरा पर्याय उपलब्ध होता, आणि त्यात कोणताही अपमान नव्हता. दुसरे असे की, टांगेवाला रोज टांगा हाकतो, तेव्हा ते काम सोपेच असणार, हेही अनुमान अनैकान्तिक होते. सरावाने सोपे झालेले काम सराव नसलेल्यास सोपे नसते. याच्याही मुळाशी जाऊन पाहिले तर असे दिसते की, टांग्यात बसण्याने मान वाढतो आणि चालण्याने कमी होतो, ही मानाची कल्पना त्यांनी ज्यांच्याकडून उचलली, त्यांनीच त्यांचा मान नाकारला होता. विरोधकाचे गृहीतक आपण नकळत स्वीकारले, की वाद सुरू होण्यापूर्वीच आपण हरलेले असतो.

आजचे युक्तिवाद

टांगे गेले, परंतु ते युक्तिवाद गेले नाहीत. एस. टी. च्या प्रवासात, चहाच्या टपरीवर, शाळेच्या शिक्षकदालनात ते आजही कानांवर येतात. ‘तुमच्यातला एक जण कलेक्टर झाला, म्हणजे जात संपली,’ असे कोणी म्हणतो. एका व्यक्तीची प्रगती जातिव्यवस्था असतानाही होऊ शकते; १९२९ साली बॅरिस्टर अस्पृश्य होता आणि अस्पृश्यताही होती. म्हणून हा हेतू अनैकान्तिक आहे. अत्याचाराची गोष्ट काढली की दुसरा म्हणतो, ‘तुम्हीच सारखा जातीचा विषय काढता, म्हणून जात टिकून आहे.’ येथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता चर्चा विषयाबाहेर नेली आहे. शिवाय रोगाचे निदान करणाऱ्यासच रोगाचे कारण ठरविले आहे.

राखीव जागांच्या वादात तर आपली मराठी भाषाच वाक्छलाला मदत करते. ‘ज्याला गुण कमी, त्याची गुणवत्ता कमी,’ हे वाक्य ऐकण्यास सरळ वाटते. पण पहिल्या ‘गुण’ शब्दाचा अर्थ परीक्षेतील आकडे हा आहे आणि दुसऱ्याचा अर्थ अंगची योग्यता हा आहे. शिकवणी, पुस्तके आणि निवांत खोली मिळालेल्या मुलाचे आकडे आणि कापूस वेचून शाळेत येणाऱ्या मुलीचे आकडे एकाच योग्यतेचे माप कसे ठरतील, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकला जातो. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात बाबासाहेबांनी असाच एक वाक्छल उघडा पाडला होता. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी होय, असे तिचे समर्थक म्हणत. जातिव्यवस्थेत कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही विभागणी होते आणि त्यांची उतरंड लावली जाते, हा भेद दाखवून त्यांनी त्या युक्तिवादातील हवाच काढून घेतली.

आपल्या बाजूचे दोष

दुसऱ्याचे हेत्वाभास ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण ते आपल्याला टोचतात. स्वतःचे टोचत नाहीत. ‘तो ब्राह्मण आहे, तेव्हा त्याचे म्हणणे खोटेच असणार,’ असे वाक्य आपल्या बैठकांतून कधी कधी ऐकू येते. जन्मावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणारा हा युक्तिवाद आणि टांगेवाल्याचा युक्तिवाद यांचा साचा एकच आहे. केवळ दिशा बदलली आहे. महाडच्या सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये, ही ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची अट बाबासाहेबांनी मान्य केली नाही, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने मांडला. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता. जन्माला प्रमाण मानणाऱ्या व्यवस्थेशी लढताना आपणच जन्म प्रमाण मानला, तर लढ्याचे कारणच उरत नाही.

दुसरा दोष अधिक नाजूक आहे. एखाद्या धम्मबांधवाने शंका काढली की, ‘बाबासाहेबांनी सांगितले आहे, आता विचारू नका,’ असे म्हणून त्याला गप्प केले जाते. कालाम सुत्तात तथागतांनी ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे सांगितले, त्यांत ‘हे श्रमण आमचे गुरू आहेत’ हाही एक आधार आहे. बाबासाहेबांनी ही शिकवण प्रत्यक्ष आचरली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाने वृद्ध, रोगी व मृत पाहून गृहत्याग केला ही परंपरागत कथा तपासली आणि २९ वर्षांच्या तरुणाने ही नित्य दिसणारी दृश्ये पूर्वी पाहिलीच नसतील हे बुद्धीला पटत नाही म्हणून ती नाकारली. ज्यांनी परंपरेला प्रश्न विचारला, त्यांच्या नावाने प्रश्न बंद करणे ही त्यांची भक्ती असेल, अनुसरण नव्हे.

कालाम सुत्ताविषयी एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. त्या दहा आधारांत केवळ तर्कावर आणि केवळ अनुमानावर विसंबणे याचाही समावेश आहे. मग तथागत तर्काचे विरोधक होते काय? तसे नाही. पुढे ते कालामांना विचारतात की, लोभ, द्वेष व मोह यांनी माणसाचे हित होते की अहित? जी गोष्ट या तिघांतून निघते ती तर्काने कितीही सजविली तरी अकुशलच राहते. टांगेवाल्याचा खोटा हेतू त्याला तर्कशास्त्र येत नव्हते म्हणून जन्मला नाही. तो गर्वातून जन्मला. म्हणूनच हेत्वाभास ओळखताना दोन बाजूंनी पाहावे लागते. शब्दांत दोष कोठे आहे हे एक, आणि तो दोष बोलणाऱ्याच्या मनात, प्रसंगी आपल्याच मनात, कोणत्या विकारातून आला हे दुसरे.

उपसंहार

१९३७ साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंग येथील लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या स्मृतीप्रीत्यर्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते व खानदेशातून हजारो लोक अभिवादनास येतात. न्यायालयात पुराव्याशिवाय आणि कारणाशिवाय काहीही सिद्ध होत नाही. ज्या महामानवाने आयुष्यभर कारणे मागितली आणि कारणे दिली, त्याला वंदन करून परतताना आपणही कारण मागण्याची व देण्याची सवय घेऊन परतावे, हे उचित ठरेल.

त्यासाठी मोठ्या ग्रंथांची आवश्यकता नाही. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढावा. त्या आठवड्यात कोणी ऐकलेला एक युक्तिवाद सर्वांसमोर मांडावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेले कारण खरे आहे काय? जेथे कारण आहे तेथे निष्कर्षही खरा ठरल्याचे एखादे उदाहरण आहे काय? कारण आहे पण निष्कर्ष खोटा ठरला, असे एखादे उदाहरण आहे काय? एका आठवड्यात विरोधकाचा युक्तिवाद घेतला, तर पुढच्या आठवड्यात आपला घ्यावा. लहान मुलामुलींना या चर्चेत अवश्य बसवावे. अस्सलायन सोळा वर्षांचाच होता आणि तथागतांनी त्याला वयाने लहान म्हणून परत पाठविले नाही.

चाळीसगावच्या त्या संध्याकाळी स्थानकावर जमलेल्या आपल्या पूर्वजांची निष्ठा निःसंशय थोर होती. त्यांच्यापैकी एकाने जरी विचारले असते की, ‘साहेबांचा मान टांग्यातच आहे, असे कोणी सांगितले?’ तर ती सारी मंडळी बाबासाहेबांना मध्ये घेऊन ती फरशी पायीच ओलांडून गेली असती. असा प्रश्न वेळेवर सुचावा, एवढ्यासाठीच हेतुविद्येचा अभ्यास करावयाचा आहे.